विहारनौकेवरचे कुटुंब

ज्या घरात थोरली मुलगी नोकरीला लागली आहे आणि धाकटा मुलगा बारावीच्या उंबरठ्यावर उभा आहे, त्या घरात सुट्टीचा प्रश्न घरखर्चाच्या अंदाजपत्रकापेक्षाही बिकट होऊन बसतो. मुले लहान असतात तोवर आईवडील म्हणतील ती पूर्व दिशा असते. महाबळेश्वर म्हणजे महाबळेश्वर आणि आजोळ म्हणजे आजोळ. पुढे पंधराव्या-सोळाव्या वर्षी मुलाला आपण आईवडिलांबरोबर हिंडताना मित्रांच्या दृष्टीस पडू नये असे वाटू लागते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी मुलीच्या हाती मोजकी रजा असते, आणि ती रजा घरच्यांसाठी खर्च करावी की मैत्रिणींबरोबर हिमालयात जावे, याचा हिशेब ती मनातल्या मनात करीत असते. यात कोणाचाच दोष नाही. मात्र नेमक्या याच सुमारास आईवडिलांच्या ध्यानात येते की, चौघांनी मिळून जाण्याच्या सुट्ट्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. एखादी बदली, एखादे लग्न, परदेशी विद्यापीठाचे एखादे पत्र, की संपले! मागणी वाढू लागावी आणि त्याच वेळी पुरवठा कायमचा आटावा, अशी ही वस्तू आहे.

अशा कुटुंबांची पावले गेल्या काही वर्षांत मुंबई बंदराकडे वळू लागली आहेत. २०१८ साली मुंबई-गोवा अशी एक विहारनौका सुरू झाली होती. ती फार काळ टिकली नाही. २०२१ च्या सप्टेंबरपासून मात्र गोवा, लक्षद्वीप, कोची अशा सफरी मुंबईहून निघू लागल्या, आणि 'क्रूझ' हा शब्द शिक्षकांच्या खोलीत व बँकेच्या काउंटरामागे ऐकू येऊ लागला. तो केवळ धनिकांच्या तोंडी असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु दोन-तीन वर्षे पैसे साठवून, मुले 'हातची जाण्यापूर्वी' एकदा तरी सर्वांनी बोटीवर जाऊन येऊ, असा बेत करणारी पगारदार कुटुंबे आज दिसतात. ही कुटुंबे नेमके काय विकत घेतात, याचा विचार म्हणूनच करण्याजोगा आहे.

कोकणातल्या माणसाला बोट नवी नाही. भाऊच्या धक्क्यावरून सुटून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणारी आगबोट ज्यांनी पाहिली, त्यांना डेकवर अंथरलेली पथारी आणि बोटीतून पडावात उतरतानाची तारांबळ अजून आठवत असेल. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही आठवण तर कोकणातल्या कित्येक घरांत पिढ्यान्पिढ्या जपली गेली. पण ती बोट हे वाहन होते. तिचे भाडे अंतराचे होते. रस्ते आले, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि त्या वाहनाची गरज राहिली नाही. आजची विहारनौका जेथून निघते तेथेच परत येते. तिने कापलेले अंतर हिशेबापुरते शून्य असते. तरीही माणसे पैसे मोजतात, ते अर्थात प्रवासासाठी नव्हे.

वाहनाचे असे मुक्कामात रूपांतर झाले ते अमेरिकेच्या फ्लॉरिडा किनाऱ्यावर. १९५८ साली जेट विमाने अटलांटिक ओलांडू लागली आणि युरोप-अमेरिकेमधल्या मोठमोठ्या प्रवासी बोटी बघता बघता रिकाम्या पडल्या. या रिकाम्या बोटींचे करायचे काय, या प्रश्नाचे एक उत्तर मायामी बंदरात सापडले: प्रवाशाला कोठेच न्यायचे नाही, नुसते फिरवून आणायचे. १९७२ साली स्थापन झालेल्या कार्निव्हल कंपनीची पहिली बोट 'मार्दी ग्रा' ही अटलांटिकवरची जुनी प्रवासी बोटच होती. पहिल्याच सफरीत ती मायामीच्या मुखाशी वाळूत रुतून बसली, आणि प्रवासी म्हणे तरीही मजेत होते. कथा अतिरंजित असेल. पण धंद्याचे मर्म तीत आहे. बोट हलली काय आणि न हलली काय! २०२३ साली जगभरात ३ कोटी १७ लक्ष लोकांनी अशा सफरी केल्या. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून प्रथम निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या नौकेत वीस मजले आहेत. कमाल ७,६०० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी सामावतात. आपल्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी ही वस्ती झाली.

एवढ्या वस्तीला एका छपराखाली सुखात ठेवायचे तर विक्रीची काही युक्ती लागते, आणि ती अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला परिचित आहे. १९७६ साली ॲडम्स आणि येलेन या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी वस्तूंची मोळी बांधून विकण्यामागचे गणित एका निबंधात मांडले. वर्गात ते सांगताना प्रस्तुत लेखक असे उदाहरण देतो: वडील जुन्या गाण्यांच्या मैफलीसाठी हजार रुपये द्यायला तयार आहेत, पाण्यातल्या खेळांसाठी मात्र शंभरच; मुलाचे नेमके उलट. दोन्ही गोष्टी हजार-हजारांना सुट्या विकल्या तर प्रत्येक जण आपल्या आवडीची एकच घेतो आणि विक्रेत्याला दोन हजार मिळतात. दोहोंची मोळी अकराशेला विकली तर दोघेही ती घेतात आणि बावीसशे मिळतात. आवडीनिवडी जितक्या परस्परविरुद्ध, तितकी मोळी फायद्याची. आता वाढलेल्या मुलांच्या कुटुंबाइतक्या परस्परविरुद्ध आवडीनिवडी दुसरीकडे कोठे सापडतील? विहारनौकेला असे कुटुंब म्हणजे आदर्श गिऱ्हाईकच होय.

परंतु येथे केवळ विक्रेत्याचाच लाभ होतो असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. आपली नेहमीची कौटुंबिक सहल हीदेखील एक मोळीच असते, आणि ती फार जाचक असते. एकाच गाडीत बसायचे, एकाच देवळासमोर उतरायचे, एकाच वेळी भूक लागली पाहिजे. चौघांपैकी एकाला जे हवे ते उरलेल्या तिघांनी सोसायचे, आणि रात्री सोसण्याची बेरीज भांडणाच्या रूपाने बाहेर पडायची. बोटीवर खरेदी सामाईक असते आणि उपभोग ज्याचा त्याचा. मुलगा सकाळी अकराला उठला तरी कोणाची बस चुकत नाही. मुलगी दिवसभर डेकवर पुस्तक घेऊन बसली तर 'एवढे पैसे भरून वाचायलाच आलीस का', हा प्रश्न निदान चौथ्यांदा विचारण्याची गरज पडत नाही. संध्याकाळी मात्र चौघे एका टेबलाशी येतात, आणि प्रत्येकाजवळ इतरांना ठाऊक नसलेले असे काहीतरी सांगण्याजोगे असते. घरात चार माणसे चार खोल्यांत असतात तेव्हा हे का घडत नाही, हा प्रश्न समाजशास्त्रज्ञांवर सोपवू.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत बोटीची आणखी एक खुबी आहे. ती बंदिस्त आहे. शहरात रात्री दहानंतर सोळा वर्षांचा मुलगा बाहेर असला की आईचा डोळा लागत नाही. बोटीवर तो बारा वाजता हिंडत असला तरी जाऊन जाऊन जाणार कोठे? त्याला स्वातंत्र्य मिळते आणि आईवडिलांना खात्री. या दोन गोष्टी एकाच वेळी पुरवणारी जागा पूर्वी वाडा होता. आता ती विकत घ्यावी लागते. मिळवत्या मुलांना मिळणारी सवड निराळ्या प्रकारची आहे. भर समुद्रात इंटरनेट मिळते ते सहसा वेगळे पैसे भरून. ते न घेतल्यास कार्यालय चार दिवस आपल्याला गाठू शकत नाही. काही न घेतल्यामुळे मिळणारे सुख बोटीवर एवढे एकच असावे.

कारण बाकी सर्व सुखांचे पैसे लागतात. तिकिटाच्या किमतीत खोली, साधे जेवण आणि बरेचसे कार्यक्रम येतात. मद्य, खास उपाहारगृहे, किनाऱ्यावरच्या सहली, छायाचित्रे हे सारे वर. खोलीचे दर दोन माणसांवर आकारलेले असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या माणसाला त्याच खोलीत बरीच सवलत असते. यात औदार्य काही नाही. खोलीचा खर्च दोघांत निघालेला असतो, जादा माणसाचा सीमान्त खर्च जेवणापुरता, आणि तो माणूस वरखर्च करील ही आशा. मात्र जेमतेम दीड-पावणेदोनशे चौरस फुटांच्या खोलीत, भिंतीतून उघडणाऱ्या फळीवर तेवीस वर्षांच्या मुलीला झोपवून वाचवलेले पैसे हे खरोखर वाचलेले असतात काय? लहान मुले असलेल्यांनी एक खोली घ्यावी. मुले वाढलेली असतील तर दोन लहान खोल्या आणि एक दिवस कमी, हा सौदा बहुधा शहाणपणाचा.

'वाढलेले' म्हणजे केव्हा, याबद्दल बोटवाल्यांचेही एकमत नाही. अमेरिकेतून निघणाऱ्या सफरींत मद्याला एकवीस वर्षांची अट असते; त्याच कंपनीच्या युरोपातल्या सफरींत अठरा पुरतात. किशोरांचे मंडळ सतराव्या वर्षी संपते. म्हणजे एकोणीस वर्षांचा मुलगा मायामीत ना मुलांत ना मोठ्यांत, आणि बार्सिलोनात पुरता प्रौढ! हसण्याचे कारण नाही. आपल्या महाराष्ट्रातही बिअरला एकवीस आणि कडक मद्याला पंचवीस अशी वयोमर्यादा आहे, आणि मतदानाला अठरा. काही कंपन्यांचा असाही नियम आहे की, खोलीतल्या एका प्रौढाने मद्याची एकरकमी योजना घेतली तर त्या खोलीतल्या सर्व प्रौढांनी ती घेतली पाहिजे. एका खोलीत राहणारे आपला पेला एकमेकांना देतात हे त्यांनाही ठाऊक आहे. कुटुंबात मालमत्ता सामाईक असते, हे तत्त्व कायद्यापेक्षा व्यापाऱ्याला अधिक नेमके कळलेले दिसते.

येथे खरा प्रश्न येतो: पैसे कोणी भरायचे? शिकागोचे अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९७४ साली एक प्रमेय मांडले, त्याला 'द्वाड मुलाचे प्रमेय' म्हणता येईल. घरचा कर्ता पुरुष उदार असेल आणि सर्वांना त्याच्याकडूनच मिळत असेल, तर निव्वळ स्वार्थी मूलदेखील कुटुंबाचे एकूण उत्पन्न घटेल असे वागत नाही. कारण घटीचा वाटा त्याच्याही पदरी येतो. बेकर यांना पुढे १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. प्रमेय सुंदर आहे, पण त्याला एक अट आहे: शेवटचा शब्द कर्त्याचा असला पाहिजे. बोटीवर सुट्या पैशांचा व्यवहार नसतो. प्रत्येकाच्या हाती एक कार्ड येते आणि चारही कार्डे वडिलांच्या खात्याला जोडलेली असतात. मुलगा रंगीत सरबत घेतो, कार्ड पुढे करतो. वडिलांना ते कळते शेवटच्या रात्री, दाराखालून सरकवलेल्या बिलातून. शेवटचा शब्द बिलाचा ठरतो, आणि चार दिवस साठवलेला गोडवा बंदराला लागण्यापूर्वीच आंबतो.

यावर उपाय म्हणून किशोराच्या कार्डाला रोजची मर्यादा घालता येते; ती घालावी. परंतु मिळवत्या मुलांबाबत मर्यादेची भाषा अपमानकारक आहे. त्यांच्याशी बोलायचे ते भागीदाराशी बोलावे तसे, आणि तिकीट काढण्यापूर्वी. आपल्याकडे याबाबत एक विचित्र संकोच आहे. मुलगा मिळवता झाला की त्याने घरात पैसे देणे स्वाभाविक मानले जाते. मुलीने सहलीचा वाटा उचलतो म्हटले की वडिलांच्या मानाला धक्का बसतो. एरवी सुधारणावादी म्हणवणाऱ्या घरांतही हे आढळते. वास्तविक मुलीने पैसे भरणे म्हणजे केवळ खर्चाची वाटणी नव्हे. जो भरतो त्याला तारीख ठरवण्याचा, मार्ग निवडण्याचा, 'यंदा नको' म्हणण्याचा हक्क येतो. आईवडिलांना खरी धास्ती या हक्काची असते. सर्व खर्च आपण केला की मुलांनी यावे ही अपेक्षा हुकमासारखी सोडता येते. वाटा घेतला की निमंत्रण द्यावे लागते, आणि निमंत्रण नाकारले जाऊ शकते. प्रस्तुत लेखकाच्या घरी मुलीने आपल्या खोलीचे पैसे स्वतः भरले. परिणामी सफर दिवाळीऐवजी फेब्रुवारीत झाली, जी तिच्या कार्यालयाला सोयीची आणि आमच्या महाविद्यालयाला पूर्ण गैरसोयीची होती. पण ती आली, आणि आपखुशीने आली.

कर्ज काढून अशी सफर करावी काय, असे काही विद्यार्थ्यांचे पालक विचारतात. उत्तर नकारार्थी आहे आणि त्यावर अधिक शाई खर्च करण्याची गरज नाही.

आता ज्या व्यक्तीचा हिशेब सहसा कोणी मांडत नाही तिच्याकडे वळू. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया विनामोबदला घरकामावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात. जे पुरुष असे काम करतात त्यांची सरासरी ९७ मिनिटांची. सुट्टी लागली म्हणून ही मिनिटे संपत नाहीत. गावच्या घरी गेले की चूल बदलते, एवढेच. थंड हवेच्या ठिकाणी भाड्याचा बंगला घेतला की फराळाचे डबे, चहाची भांडी आणि 'उद्या नाश्त्याला काय' हा प्रश्न सोबत येतो. मुले वाढली म्हणून काम घटते असेही नाही. त्यांची भूक मात्र वाढलेली असते. बोटीवर चार दिवस ही मिनिटे शून्यावर येतात. पहिल्या दिवशी आमच्या टेबलाशेजारच्या एक बाई जेवण झाल्यावर सवयीने ताटल्या एकात एक रचू लागल्या होत्या. वाढप्याने अदबीने त्या काढून घेतल्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसले ते सुखापेक्षा गोंधळासारखे अधिक होते. समुद्र, सूर्यास्त, जलक्रीडा या सर्वांहून या एका गोष्टीसाठी तिकिटाचे पैसे योग्य आहेत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मात्र काम नाहीसे झालेले नसते. ते दुसऱ्या कोणाकडे गेलेले असते. जगातल्या विहारनौकांवर वाढपी, आचारी, खोल्या आवरणारे म्हणून जी माणसे राबतात त्यांत फिलिपाइन्स आणि इंडोनेशियाचे लोक बहुसंख्य दिसतात, आणि भारतीयांत गोव्याचे व मुंबईचे पुष्कळ. गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात त्यांच्या पैशांवर सासष्टीतली कित्येक घरे उभी राहिली. करार सहसा सहा ते नऊ महिन्यांचा असतो. आमच्या टेबलावर वाढणारा गृहस्थ चाळिशीचा होता. त्याची मुलगी बारावीला होती आणि धाकट्याची मुंज जमेल तेव्हा करू, असे तो हसत सांगत होता. म्हणजे त्याच्या घरीही आमच्याच वयाची मुले, आणि चौघांनी एकत्र असण्याची हीच उरलीसुरली वर्षे! आमच्या कुटुंबाचे चार दिवस एकत्र जाणे त्याच्या कुटुंबाच्या सहा महिने वेगळे राहण्यावर उभे होते. यात त्याच्यावर बळजोरी नव्हती हे खरे. एवढा पगार त्याला गावी मिळाला नसता हेही खरे. अर्थशास्त्रज्ञ येथे सहसा थांबतो. उभयपक्षी लाभ झाला, पुढे काय विचारायचे?

पुढे हे विचारायचे, की लाभाचा भाव कोणत्या कायद्याखाली ठरतो. वर उल्लेखिलेली 'आयकॉन' फिनलंडमधील तुर्कूत बांधली गेली; तिच्यावर ध्वज बहामाचा, कंपनीची नोंदणी लायबेरियात आणि कचेरी मायामीत. इतक्या देशांतून वाट काढीत कोणत्या देशाचा किमान वेतन कायदा कर्मचाऱ्यापर्यंत पोहोचेल? जिनिव्हा येथे २००६ साली झालेला सागरी श्रम करार २०१३ पासून अमलात आला, आणि भारताने तो २०१५ साली मान्य केला. दर चोवीस तासांत किमान दहा तास आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती, आणि बारा महिने भरण्यापूर्वी स्वखर्चाविना घरी परतण्याचा हक्क हा त्याचा गाभा. म्हणजे दिवसाला चौदा तासांचे काम या कराराच्या कक्षेत बसू शकते. आपल्या कोणत्याही कचेरीत हे सांगून पाहावे.

हा भेद २०२० साली उघडा पडला. फेब्रुवारीत जपानच्या योकोहामा बंदरात 'डायमंड प्रिन्सेस' ही नौका कोविडमुळे अडकवली गेली तेव्हा तिच्यावर ३,७११ माणसे होती. त्यांपैकी सातशेहून अधिक जणांना बाधा झाली. भारतीय १३८ होते. त्यांतले प्रवासी अवघे सहा, उरलेले १३२ कर्मचारी. प्रवाशांना आपापल्या खोलीत बंद राहण्यास सांगितले गेले. कर्मचारी मात्र दाराशी जेवणाची ताटे पोचवीत राहिले, आणि त्यांच्या स्वतःच्या खोल्या सामाईक होत्या.

केंद्र सरकारने २०२४ च्या सप्टेंबरात 'क्रूझ भारत मिशन' जाहीर केले; २०२९ पर्यंत विहारनौकांच्या प्रवाशांची संख्या दुप्पट करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. प्रवासी दुप्पट व्हायचे तर वाढपी आणि आचारीही वाढतील, आणि त्यांतले बरेचसे आपल्याच किनाऱ्यावरचे असतील. गोवा सरकारने २०२१ साली निवृत्त दर्यावर्दी व त्यांच्या विधवा यांच्यासाठी दरमहा २,५०० रुपयांची निवृत्तिवेतन योजना आणली. रक्कम तुटपुंजी आहे, पण निदान ही माणसे मोजली गेली. रत्नागिरी, रायगड, पालघर येथूनही तरुण बोटींवर जातात. त्यांची मोजदाद आणि त्यांच्या करारांची तपासणी महाराष्ट्र सरकारनेही, नव्या धक्क्यांच्या कोनशिला बसवण्याच्या आधी, हाती घ्यावयास हवी.

प्रवाशाच्या हाती असलेली गोष्ट मात्र आजची आहे. बहुतेक अमेरिकी कंपन्या माणशी, दररोज अशी एक बक्षिसीची रक्कम बिलात आपोआप लावतात. ती सक्तीची नसते; शेवटच्या दिवशी खिडकीशी जाऊन विनंती केली की वजा करून मिळते. सफर संपण्याच्या आदल्या रात्री त्या खिडकीपुढे रांग लागलेली असते, आणि रांगेतल्या आईवडिलांशेजारी त्यांची वाढलेली मुलेही उभी असतात.